वादळाला नाव एकदाच

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. हवामान खात्याच्या लेखी हे वादळ दुसऱ्याच दिवशी संपलं होतं. जमिनीवरून सरकत, विरत ते मध्य भारतात नाहीसं झालं. नाव मात्र संपलं नाही. ते नकाशावरून उतरून तलाठ्याच्या पंचनाम्यात गेलं, तिथून शासन निर्णयाच्या विषयात, बँकेच्या अर्जात, विम्याच्या दाव्यात गेलं. फळबागांच्या नुकसानीसाठी सरकारने त्या वेळी नेहमीचा दर बाजूला ठेवून हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली आणि ती 'निसर्ग'च्या नावाने झाली. पोफळ लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षं जातात. वादळाचे वारे सहा तासांचे, पण त्याच्या नावाचं काम एका बागेच्या वयाएवढं चालतं.

म्हणूनच हे नाव पुन्हा कुणाला मिळणार की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. अटलांटिक महासागरात वादळांची नावं सहा याद्यांमधून फिरतात, आणि २०२०ची यादी २०२६ मध्ये पुन्हा वापरात येते. तो नियम आपल्याकडे असता, तर श्रीवर्धनच्या नव्याने लावलेल्या पोफळी फळाला येण्याच्या सुमारास दुसरं 'निसर्ग' समुद्रात उठू शकलं असतं. आपल्या समुद्रात तसं होत नाही. उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात, एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरलं जात नाही. मग ते वादळ हजारो माणसं मारून गेलेलं असो, की किनारा न पाहताच समुद्रात विरलेलं असो. या नियमाकडे सहसा सोयीचा भाग म्हणून पाहिलं जातं. माझं म्हणणं असं की, वादळांच्या नामकरणात आपल्या भागाने केलेली ही सर्वांत न्याय्य गोष्ट आहे, आणि तिच्यामागचं कारण नीट ओळखलं तर या व्यवस्थेत अजून काय राहून गेलं आहे तेही दिसतं.

नावं कशासाठी, याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: इशारा देताना गोंधळ होऊ नये म्हणून. ते खोटं नाही. २०१९च्या दिवाळीत 'क्यार' हे महाचक्रीवादळ कोकण किनाऱ्यापासून दूर जात असतानाच लक्षद्वीपच्या बाजूने 'महा' उठलं, आणि अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं घोंघावू लागली. अशा वेळी रेडिओवर अक्षांश-रेखांश सांगून भागत नाही. हर्णैच्या किंवा देवगडच्या तांडेलाला एवढंच कळायला हवं असतं, की आज बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय तो कुठल्या वादळासाठी, दूर चाललेल्या की जवळ येणाऱ्या. दोन अक्षरी नाव हे काम आकड्यांपेक्षा कितीतरी बरं करतं. पण इशाऱ्याच्या कामात नावाचा वाटा किती, हे मोजायला गेलं तर तो लहान निघतो. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ला आलेल्या महाचक्रीवादळाला नाव नव्हतं आणि त्यात सुमारे १० हजार माणसं मेली. १२ ऑक्टोबर २०१३ला गोपाळपूरजवळ 'फायलिन' आलं. त्याला नाव होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हा फरक नावाने पडलेला नाही. मधल्या चौदा वर्षांत ओडिशाने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर निवारे बांधले, हवामान खात्याचे अंदाज सुधारले, आणि 'फायलिन'च्या आधी ओडिशा-आंध्रात मिळून दहा लाखांच्या आसपास लोकांना हलवलं गेलं. जीव वाचवले ते रडारने, निवाऱ्यांनी आणि गावोगाव दारं ठोठावत फिरलेल्या माणसांनी. त्यांचं श्रेय नावाला देणं बरोबर नाही.

तर मग नावाचं मोठं काम कुठलं? ते वादळ ओसरल्यावर सुरू होतं. नुकसान मोजायचं असतं, मदत मागायची असते, बेपत्ता माणसाला मृत ठरवून त्याच्या घरच्यांना दाखला द्यायचा असतो, चूक कुणाची हे चौकशीत ठरवायचं असतं. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हे बार्ज बुडालं. त्याच्यावरची आणि सोबतच्या टगबोटीवरची मिळून सत्तरहून अधिक माणसं गेली. वादळाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून निघत होते. तरीही बार्ज जागेवर का राहिलं, हा प्रश्न सरकारी चौकशीपर्यंत गेला. अशा प्रकरणात कुठला इशारा कधी निघाला, कुणाला पोचला आणि कुणी काय केलं, हे सगळं एका नावाखाली गोळा होतं. उद्या त्याच नावाचं दुसरं वादळ आलं, तर पहिल्याच्या कागदांवर दुसऱ्याचे कागद चढतील. यात सर्वांत आधी दिसेनासा होतो तो माणूस ज्याचा दावा अजून मिटलेला नाही, म्हणजे बहुधा ज्याच्यापाशी वकील नाही, पैसा नाही आणि पुन्हा पुन्हा तालुक्याला खेपा घालण्याची ताकद नाही असा माणूस.

नावं नव्हती त्या काळात काय होत होतं, ते पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. वादळ गेल्यावर लोक त्याला ते जिथे आदळलं त्या जागेचं नाव देत. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आलेल्या वादळाने तीन ते पाच लाख बळी घेतले. जगाच्या ज्ञात इतिहासातलं हे सर्वांत प्राणघातक चक्रीवादळ, आणि आज ते 'भोला' म्हणून ओळखलं जातं. भोला हे मेघना नदीच्या मुखावरचं बेट आहे. आंध्रात नोव्हेंबर १९७७ मध्ये कृष्णेच्या मुखाशी जे घडलं ते 'दिविसीमा' या नावाने लक्षात राहिलं. तेही गाळाच्या जमिनीच्या एका पट्ट्याचं नाव. १८८८च्या नोव्हेंबरातलं सौराष्ट्र किनाऱ्याचं वादळ तर नावानिशी कुणालाच आठवत नाही. आठवते ती त्यात शेकडो प्रवाशांसह बुडालेली 'वीजळी' आगबोट, कारण गुजराती लोकगीतांनी ती जपली. बांगलादेशातलं एप्रिल १९९१चं वादळ सुमारे १ लाख ३८ हजार बळी घेऊन गेलं, तरी त्याचा उल्लेख करायला आजही महिना आणि साल सांगावं लागतं. आपल्या समुद्राने घेतलेले सर्वांत मोठे बळी असे निनावी वादळांच्या खात्यात आहेत. जिथे नाव पडलं तिथे ते ज्यांनी सोसलं त्यांच्या गावाला चिकटलं. भोल्याच्या लोकांना आपल्या बेटाची जगात हीच एक ओळख असावी असं वाटलं नसणार.

नामकरणाची आजची पद्धत आपल्याकडे उशिरा आली. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांचं चक्रीवादळांसाठीचं संयुक्त मंडळ १९७२ पासून आहे. नावं ठेवावीत असं त्याने तत्त्वतः मान्य केलं ते २००० साली मस्कतच्या बैठकीत. बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका आणि थायलंड या आठ देशांनी प्रत्येकी आठ नावं दिली आणि ६४ नावांची यादी झाली. सप्टेंबर २००४ पासून ती वापरात आली. गुजरातसमोरच्या समुद्रात उठलेल्या वादळाला बांगलादेशाने दिलेलं 'ओनिल' हे पहिलं नाव मिळालं, आणि मे २०२० मध्ये थायलंडच्या 'अम्फान'ने यादी संपली. त्याआधीच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, नवी यादी तयार होती. इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन यांची भर पडून देश तेरा झाले, प्रत्येकाची तेरा म्हणजे १६९ नावं. देशांची मांडणी इंग्रजी वर्णक्रमाने असते, त्यामुळे बांगलादेश नेहमी पहिला. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की दिल्लीचं प्रादेशिक केंद्र, म्हणजे आपलं हवामान खातं, रांगेतलं पुढचं नाव त्या वादळाला देतं. वादळ कुठे उठलं किंवा कुठे चाललंय याचा नावाशी काही संबंध नसतो. म्हणून रायगडावर आलेलं 'निसर्ग' बांगलादेशाचं, नोव्हेंबर २००९ मध्ये कोकणातल्या कित्येक मच्छीमारांचे जीव घेणारं 'फयान' म्यानमारचं, आणि २०२५च्या नोव्हेंबरात श्रीलंकेत शेकडो बळी घेणारं 'दितवा' येमेनचं, सोकोत्रा बेटावरच्या एका खाजणाचं नाव. दुःख एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, हे वरवर विचित्र दिसतं. मला त्यात एक शहाणपण दिसतं. भोल्यासारखं सोसणाऱ्या गावाचं नाव वादळाला चिकटण्याची वेळच या पद्धतीत येत नाही.

आता अटलांटिककडे वळू, कारण नावं 'निवृत्त' करण्याची सर्वांत गाजलेली परंपरा तिथली. अमेरिकेने १९५३ पासून वादळांना बायकांची नावं द्यायला सुरुवात केली. ती सगळी बायकांचीच का, हा प्रश्न फ्लोरिडाच्या रॉक्सी बोल्टन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लावून धरला आणि १९७९ पासून अटलांटिकच्या याद्यांत पुरुषांची नावं आली. आता सहा याद्या आहेत, प्रत्येकीत २१ नावं, आणि दर सहा वर्षांनी तीच यादी परत. एखादं वादळ फारच विध्वंसक ठरलं, तर त्याचं नाव काढून त्याच अक्षराचं दुसरं नाव घातलं जातं. २००५च्या एकाच मोसमात 'कतरिना'सह पाच नावं अशी निघाली. १९९८च्या 'मिच'ने मध्य अमेरिकेत ११ हजारांच्या आसपास माणसं मारली; त्याच्या जागी 'मॅथ्यू' आलं. २०१६ मध्ये त्या 'मॅथ्यू'ने हैतीत शेकडो बळी घेतले आणि तेही काढावं लागलं. त्याच्या जागी आता 'मार्टिन' आहे. २०२०च्या मोसमात एवढी वादळं झाली की यादी संपून ग्रीक अक्षरं वापरावी लागली, आणि 'ईटा' व 'आयोटा' या दोन वादळांनी मध्य अमेरिकेत एवढा हाहाकार केला की पुढच्या मार्चमध्ये ग्रीक अक्षरं वापरण्याची प्रथाच बंद झाली. एकेक नाव असं सभेत ठराव करून काढलं जाणं, यात एक गांभीर्य आहे. जगभरची वर्तमानपत्रं त्याची बातमी करतात. मेलेल्यांना कुणीतरी औपचारिक मान दिला, असं वाटतं.

पण नाव काढायचं हे ठरवतं कोण? तिथली पद्धत अशी की मोसमानंतरच्या वार्षिक बैठकीत एखादा सदस्य देश विनंती करतो आणि समिती ती मान्य करते. विनंती करायला सरकार लागतं, त्या सरकारचा प्रतिनिधी लागतो, आणि आपल्या देशात काय झालं ते जगापुढे मांडण्याची त्याची स्थिती असावी लागते. नोव्हेंबर १९९४ मध्ये 'गॉर्डन' नावाच्या वादळाने हैतीत हजाराहून अधिक माणसांचा जीव घेतला. हैती तेव्हा लष्करी राजवटीतून नुकताच बाहेर पडत होता, अमेरिकी फौजा देशात होत्या. 'गॉर्डन' हे नाव यादीतून निघालं नाही. ते २००० मध्ये परत आलं, मग २००६, २०१२, २०१८ आणि २०२४ मध्ये. ज्यांच्या घरातली माणसं १९९४च्या पुरात वाहून गेली, त्यांनी तेच नाव तीस वर्षांत पाच वेळा ऐकलं. याच अटलांटिकमध्ये याहून कितीतरी कमी बळी घेतलेल्या वादळांची नावं निघाली आहेत, कारण नुकसान श्रीमंत किनाऱ्याचं होतं आणि ते मोजायला विमा कंपन्या होत्या. निवृत्तीचा मान बळींच्या संख्येने मिळत नाही. तो मागू शकणाऱ्याला मिळतो. फिलिपिन्सने निदान आपल्यापुरता उंबरठा आकड्यात बांधलाय: त्यांच्या हवामान संस्थेच्या स्थानिक यादीतलं नाव ३०० मृत्यू किंवा १०० कोटी पेसोंचं नुकसान झालं की निघतं. यात सौदेबाजीला जागा कमी, तरी प्रश्न उरतोच. २९९ मेले तर ते नाव चार वर्षांनी परत ऐकायचं का?

आपल्या समुद्रातलं उदाहरण याहून बोलकं आहे. २ मे २००८ला 'नर्गिस' म्यानमारच्या इरावती मुखप्रदेशात शिरलं. नाव पाकिस्तानने दिलेलं. आपल्या हवामान खात्याने आधी इशारे पाठवले होते. सपाट भातखाचरांतून समुद्राचं पाणी आत घुसलं आणि म्यानमारच्याच सरकारी आकड्यांनुसार सुमारे ८४ हजार मेले, ५४ हजारांच्या आसपास बेपत्ता झाले. तिथल्या लष्करी राजवटीने पहिले काही आठवडे परदेशी मदत अडवून धरली; मदत भरलेली परदेशी जहाजं किनाऱ्याबाहेर थांबून शेवटी परत गेली. मृतदेह खाड्यांत तरंगत असताना १० मे रोजी घटनेवरचं सार्वमत बहुतेक देशात ठरल्याप्रमाणे उरकण्यात आलं, सर्वाधिक झोडपलेल्या भागांत तेवढं दोन आठवडे पुढे ढकललं. आता समजा, आपल्याकडे अटलांटिकसारखी पद्धत असती. या राजवटीचा प्रतिनिधी मंडळापुढे उभा राहून 'आमची लाखावर माणसं गेली, हे नाव काढा' असं म्हणाला असता का? म्हणाला नसता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण इरावतीच्या लोकांचा मान त्या राजवटीच्या इच्छेवर सोडावा असं मला अजिबात वाटत नाही. आपल्या नियमात कुणी मागावं लागत नाही. 'नर्गिस' परत येणार नाही, कारण ते एकदा येऊन गेलं आहे. बस.

यावर एक चांगला आक्षेप आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. सगळीच नावं आपोआप निघत असतील, तर निघण्याला अर्थ काय राहिला? समुद्रातच विरलेल्या वादळाचं नाव आणि 'नर्गिस'चं नाव सारखंच बाद. अटलांटिकच्या ठरावात निदान एक क्षण असा येतो, जेव्हा जग थांबून म्हणतं की हे साधं वादळ नव्हतं. तो क्षण आपल्याकडे नाही. हे खरं आहे आणि ही उणीव आहे. पण ती भरून काढायचा मार्ग नावाच्या बाजूने जात नाही. वादळ किती भीषण होतं हे नाव काढण्या-न काढण्यावरून ठरवायचं म्हटलं की निर्णय सभागृहात जातो आणि 'गॉर्डन' घडतं. भीषणता नोंदीत यावी. प्रत्येक वादळानंतर आपलं हवामान खातं तांत्रिक अहवाल काढतं: मार्ग, वारा, पाऊस, अंदाज किती चुकला. ते काम चोख असतं. मात्र ते इंग्रजीत आणि हवामानाच्या भाषेत असतं. ज्या वाडीतल्या पोफळी पडल्या, त्या वाडीच्या ग्रामपंचायतीत ठेवता येईल असा, मराठीतला, नुकसान आणि मदत यांचा पुरा हिशेब देणारा अहवाल राज्याने प्रत्येक नावामागे एक काढला, तर एकदाच वापरलेल्या नावाला पूर्ण अर्थ येईल. अशा हिशेबाला कायमची ओळख लागते, आणि ती आपल्या नियमाने आयती दिली आहे.

दुसरा आक्षेप उच्चारांचा आहे, आणि तो लोकांकडून येतो म्हणून अधिक महत्त्वाचा. परत परत येणारी ओळखीची नावं तोंडात बसतात. ही तेरा देशांतून आलेली नावं बसत नाहीत. २०२१ मध्ये आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी 'तौक्ते' लिहिलं, तर म्यानमारी उच्चार 'ताउते'च्या जवळ जातो. २०२३च्या डिसेंबरात चेन्नईला बुडवणाऱ्या वादळाचं नाव कुठे 'मिचाँग', कुठे 'मिचौंग', कुठे 'मिगजॉम' असं छापून आलं. एकाच घरात दोन वर्तमानपत्रं येत असतील तर दोन वादळं आल्यासारखं वाटावं. काहींचं म्हणणं असतं की आपण महाराष्ट्रापुरती आपली मराठी नावं ठेवावीत, फिलिपिन्ससारखी. तिथे जगाचं 'हैयान' ते लोकांचं 'योलांदा'. मला हा मार्ग पटत नाही, कारण आपला समुद्र एका राज्याचा नाही. २०१७च्या डिसेंबरात 'ओखी' आलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार आपल्या होड्यांसह देवगड आणि आसपासच्या बंदरांत आसऱ्याला आले. त्यांच्या घरचे कन्याकुमारीत आणि तिरुअनंतपुरममध्ये 'ओखी'च्या याद्या धुंडाळत होते. त्या वेळी कोकणात त्याच वादळाला वेगळं नाव असतं, तर शोध आणखी अवघड झाला असता. नाव एकच असावं. लिहायचं कसं ते आधी ठरवावं. नव्या यादीसोबत प्रत्येक देशाने उच्चारही दिलेले आहेत. १६९ नावांचं मराठी लेखन एकदा बसून ठरवणं आणि पहिल्या इशाऱ्याबरोबर ते सगळ्या वर्तमानपत्रांना, वाहिन्यांना, बंदर खात्याला आणि मच्छीमार सोसायट्यांना पाठवणं, हे एका आठवड्याचं काम आहे.

नावांच्या गुळगुळीतपणावरही लोक नाराज असतात. 'गुलाब', 'बुलबुल', 'तितली' अशी नावं ऐकून भीती कशी वाटावी? आठ अक्षरांच्या आतलं, राजकारण, धर्म, संस्कृती आणि स्त्री-पुरुष भेद यांपासून दूर, कुणाला न दुखावणारं, कठोर नसलेलं नाव हवं, असे नियम आहेत, त्यामुळे फुलं, पाखरं, वारा, पाणी एवढंच उरतं. पण या सावधपणामागे अनुभव आहे. २०१३ मध्ये श्रीलंकेनेच दिलेलं 'महासेन' हे नाव तिथे वादाचं झालं, कारण महासेन हा मिन्नेरियाचा मोठा तलाव बांधणारा राजा. ज्याने पाणी साठवून सुबत्ता आणली त्याचं नाव संहाराला कसं, असं लोकांनी विचारलं. वादळ समुद्रात असतानाच नाव बदलून 'वियारू' करावं लागलं आणि बांगलादेशात ते पोचलं तेव्हा बहुतेकांच्या तोंडी जुनंच नाव होतं. पश्चिम प्रशांत महासागराच्या यादीत थायलंडने 'हनुमान' हे नाव दिलं होतं. भारतीय हवामान खात्याच्या विनंतीवरून ते काढून 'मोराकोत' घालण्यात आलं. नाव एकदा वादळाला लागलं की ते परत घेता येत नाही, म्हणून काळजी आधीच घ्यायची असते. राहता राहिली भीती. बायकांच्या नावांची वादळं लोक हलक्यात घेतात असं सांगणारा एक अमेरिकी अभ्यास २०१४ मध्ये गाजला. १९७९च्या आधी सगळीच नावं बायकांची होती, त्यामुळे जुन्या काळातले जास्त मृत्यू त्या नावांच्या खात्यात पडले, असा त्याच्यावर संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. नावाने भीती वाढते-कमी होते याचा भक्कम पुरावा नाही. बावट्याचा नंबर आणि इशाऱ्याचा रंग यांनी ती वाढावी, त्यासाठीच ते आहेत.

नावं संपतील ही काळजी मात्र करण्याजोगी नाही. ६४ नावांना जवळपास सोळा वर्षं लागली. त्याच वेगाने १६९ नावं चाळीस वर्षं पुरतील. समुद्र तापल्याने वादळं थोडी वाढली तरी एका पिढीचा साठा आहे, आणि तेरा देशांच्या भाषांमध्ये शब्दांचा दुष्काळ नाही.

खरी उणीव मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. नाव मिळतं ते वाऱ्याच्या वेगावर, आणि आपल्याकडे माणसं मरतात ती बहुतेक पाण्याने. २६ सप्टेंबर २०२१ला 'गुलाब' कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर येताच ते मंदावलं, चक्रीवादळ राहिलं नाही, नुसतं कमी दाबाचं क्षेत्र बनून तेलंगणातून पश्चिमेकडे सरकलं. २७ आणि २८ सप्टेंबरला त्याने लातूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांत कोसळणारा पाऊस पाडला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, नदीकाठची माती खरवडून निघाली. मग तेच अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा बळ धरलं, आणि १ ऑक्टोबरला त्याला यादीतलं पुढचं, कतारने दिलेलं 'शाहीन' हे नाव मिळालं. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर आदळलं. आंध्रात त्याला नाव होतं, ओमानात त्याला नाव होतं. मधे मराठवाड्यावरून जाताना त्याला नाव नव्हतं.

हवामानशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही. मधल्या काळात ते चक्रीवादळ नव्हतंच. पण मदतीच्या कागदावर याचा परिणाम झाला. मराठवाड्याचं ते नुकसान राज्याच्या जून ते ऑक्टोबरच्या अतिवृष्टी आणि पुराच्या एका मोठ्या मदतीत बांधलं गेलं. पिकं वेगळी, जमिनी वेगळ्या, त्यामुळे दिवेआगरच्या पोफळीचा दर आणि औशाच्या सोयाबीनचा दर यांची सरळ तुलना मी करत नाही. एवढं मात्र दिसतं की कोकणातल्या शेतकऱ्याला आपलं नुकसान एका नावाने, एका तारखेने मागता आलं, आणि मांजराकाठच्या शेतकऱ्याच्या वाट्याला पाच महिन्यांच्या पावसातला एक दिवस आला. हे टाळता आलं असतं. दोनच वर्षं आधी, २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 'क्यार' आणि 'महा' यांपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं नव्हतं, तरी अवेळी पावसाच्या मदतीच्या शासन निर्णयात ती दोन्ही नावं होती. म्हणजे वादळाचं नाव पार घाटमाथ्यावरच्या द्राक्षबागेपर्यंत नेणं प्रशासनाला जमतं. ते जमेल तेव्हा न करता नियमाने करावं, एवढंच मागणं आहे: चक्रीवादळाच्या अवशेषाने पडलेला पाऊस हवामान खात्याने जिल्हावार त्या वादळाच्या नावावर नोंदवावा, आणि महसूल खात्याने पंचनाम्यात तेच नाव लिहावं. 'दितवा'ने यादीचा दुसरा स्तंभ संपला, तिसरा बांगलादेशाच्या 'अर्णब'पासून सुरू होतो. तेरा नावांचा हा नवा स्तंभ लागत असतानाच ही नोंद सुरू करता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी कुठल्याही आंतरराष्ट्रीय मंडळाची परवानगी लागत नाही.